सांध्यातली सूज मोजायची सोय जिल्ह्याला हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेलं पान वाचलं. वजन आटोक्यात ठेवा, मांडी घालून बसू नका, थंडीत गरम पाण्याने शेका, हे सगळं उपयोगीच आहे. पण लेखात गुडघ्यांची झीज आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस ही दोन दुखणी एकच धरली आहेत, आणि सोबत चित्र अर्थातच गुडघा धरून बसलेल्या आजोबांचं. झीज ही बहुतेक वयाची देणगी. दुसऱ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त गाठतो, ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो आणि बहुधा बोटांच्या पेरांपासून सुरुवात करतो. पेन्शनीत बसलेल्या आजोबांपेक्षा पहाटे भाकरी थापणाऱ्या सुनेचा हा आजार आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. सरकारी आरोग्य सेवेत क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षं घालवली. अंधारखोलीत डेव्हलपर-फिक्सरच्या वासात फिल्म धुण्यापासून संगणकाच्या पडद्यावर प्रतिमा उमटेपर्यंतचा काळ पाहिला. आणि आमच्या सौभाग्यवतींना हाच आजार बरीच वर्षं आहे. त्यामुळे यंत्राच्या मागे उभं राहूनही आणि यंत्रासमोरच्या बाकावर बसूनही हा विषय थोडाफार कळतो. आपल्या लेखात राहून गेलेला मुद्दा सूज मोजण्याचा आहे. औषध लागू पडतंय की नाही, वाढवायचं की कमी करायचं, हे सगळं त्या मोजमापावर ठरतं, आणि लेखात ‘डॉक्टर तपासून ठरवतील’ एवढ्यावर भागवलं आहे.

डॉक्टर काय करतात ते सांगतो. खांदे, कोपरं, मनगटं, दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे आणि मधले सांधे, दोन्ही गुडघे असे एकूण २८ सांधे ते एकेक करून अंगठ्याने दाबतात. दाब किती, तर दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. किती सुजलेत आणि किती दुखतात ते मोजतात. त्यात रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, मिळवतात, आणि शेवटी रुग्णालाच विचारतात, एकंदर तब्येतीला शून्य ते शंभरमधला कुठला आकडा द्याल? या सगळ्याचं सूत्रात गणित केलं की डीएएस-२८ नावाचा गुण निघतो. २.६ च्या खाली गेला तर आजार शांत, ५.१ च्या वर गेला तर जोरात. पद्धत चांगली आहे, जगभर चालते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

पण त्या शेवटच्या प्रश्नाशी आमच्या घरी नेहमी अडतं. आमच्या हिने आयुष्यात आपल्या दुखण्याला दहाच्या वर मार्क दिलेले नाहीत. सकाळी तासभर मूठ वळत नाही, गॅसचं बटण फिरवायला मला हाक मारावी लागते, आणि डॉक्टरांसमोर मात्र, “तसं बरंय, सकाळी जरा आखडतं इतकंच.” डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी छताकडे. उलट आमच्या एका मावसबहिणीला नुसता हात लावला तरी ती कळवळते. तिचा गुण कायम वरच. शिवाय या २८ सांध्यांत पाऊल नाही. घोटा नाही, पायाच्या बोटांची मुळं नाहीत. या आजाराने हाड कुरतडायला सुरुवात केल्याची पहिली खूण पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशीच सापडते, हे कुठल्याही जुन्या क्ष-किरणवाल्याला विचारा.

आता माझ्या धंद्याबद्दल. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि हाताचाच फोटो काढला. हाताची हाडं तेव्हापासून आमच्या ओळखीची. संधिवाताच्या रुग्णाचा हात नुसता पालथा ठेवून फोटो काढला तर हाडाच्या कडेची बारीक खाच लपू शकते. म्हणून दोन्ही हात अर्धवट उताणे, जणू चेंडू झेलायला ओंजळ धरली आहे, अशा अवस्थेत फोटो घ्यायचा. त्याला नॉर्गार्ड व्ह्यू म्हणतात. हल्ली केस पेपरवर तसं लिहूनही कुणी देत नाही आणि न लिहिता कुणी काढतही नाही, हा भाग वेगळा. हाताच्या एक्स-रेवरून खाचा आणि सांध्यातल्या फटी मोजून गुण द्यायची शिस्तशीर पद्धत १९७१ पासून आहे, नवी औषधं त्याच मापाने तपासली जातात.

एवढं प्रेम असूनही सांगतो, एक्स-रे म्हणजे पूर ओसरल्यावरचा पंचनामा. पाणी चढत असताना त्याचा उपयोग नाही. सांध्याचं अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ते अस्तर कूर्चेवर आणि हाडावर चाल करून जातं, आणि या सगळ्याला काही महिने उलटले की मग आमच्या फिल्मवर खाच दिसते. ती खाच बहुतेक वेळा भरून येत नाही. फोटोत काही नाही म्हणून खूश होणारे रुग्ण मी खूप पाहिले. त्यांना समजावून सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

चढतं पाणी दिसतं ते सोनोग्राफीत. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोट आणि बाळ एवढंच डोळ्यांसमोर येतं. सांध्यासाठी प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा दांडा, वेगळा लागतो. पोटाचा प्रोब साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा असतो, तो खोल जातो पण बारकावे दाखवत नाही. बोटाच्या पेरासाठी १२-१५ किंवा त्याहून वरचा, सरळ तोंडाचा लिनिअर प्रोब हवा. तो काही सेंटिमीटरच आत बघतो, पण अस्तराची जाडी आणि सांध्यातलं पाणी स्वच्छ दाखवतो. त्यात पॉवर डॉप्लर सुरू केला की वाहत्या रक्ताच्या जागी केशरी-लाल ठिपके उमटतात. निरोगी बोटाच्या अस्तरात असा रंग जवळजवळ दिसत नाही. सूज जागी असेल तर दिसतो, आणि किती दिसतो त्यावरून शून्य ते तीन अशी श्रेणी देता येते: काहीच नाही तर ०, दोन-चार तुरळक ठिपके असतील तर १, अस्तराचा निम्म्यापर्यंतचा भाग रंगला तर २, निम्म्याहून जास्त रंगला तर ३. अस्तराच्या जाडीलाही अशीच वेगळी श्रेणी. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर दिसतं. आमच्या हिचा आजार तिने पहिल्यांदा मान्य केला तो तिथे.

झालं असं, की हिचा गुण बरेच दिवस २.६ च्या खाली होता, सीआरपी नॉर्मल. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, म्हणजे हा आजार दाबून ठेवणारी गोळी, कमी करता येईल का, असा विषय निघाला. तिलाही ते हवंच होतं, त्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी तिची अन्नावरची वासना जाते. पुण्याच्या डॉक्टरांनी कमी करण्याआधी आपल्याच खोलीतल्या यंत्रावर हात-पाय पाहिले. बोटं स्वच्छ. उजवं मनगट श्रेणी २, पायाच्या करंगळीच्या मुळाशीही रंग. गोळी कमी झाली नाही. मावसबहिणीच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. गुण वर म्हणून महागडी इंजेक्शनं सुरू करायची तयारी झाली होती; सोनोग्राफीत सगळे सांधे काळे, म्हणजे डॉप्लरचा एक ठिपका नाही. दुखणं खरं होतं, पण सूज नव्हती. झोप, स्नायू आणि मन यांच्याकडे लक्ष दिल्यावर तिला उतार पडला, आणि इंजेक्शनांचे पैसेही वाचले.

त्याआधी आम्ही हीच तपासणी जवळच्या एका खासगी केंद्रात करून पाहिली होती. पुण्याला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, खंबाटकी, स्वारगेट, मग रिक्षा. आखडलेल्या अंगाने हे करणं सोपं नाही. त्या केंद्रात तरुण मुलाने जेलचा एक ठिपका लावून प्रोब मनगटावर दाबून धरला, तेव्हाच माझ्या मनात शंका आली. प्रोब दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रंग पळून जातो. इथे जेल भरपूर आणि हात हलका लागतो. डॉप्लरची सेटिंगही मोठ्या वाहिन्यांची ठेवून चालत नाही. सांध्यातला प्रवाह संथ, त्याला पीआरएफ, म्हणजे यंत्राने ध्वनीचे स्पंद सोडण्याची गती, खाली आणावा लागतो. रिपोर्ट आला, ‘माइल्ड सायनोव्हियल थिकनिंग, काइंडली कोरिलेट क्लिनिकली.’ म्हणजे अस्तर जरासं जाड आहे, बाकी डॉक्टरांनी तपासून ठरवावं. कुठला सांधा, कुठल्या बाजूने, श्रेणी किती, डॉप्लर लावला की नाही, काही नाही. पैसे मात्र दोन्ही मनगटांचे वेगवेगळे घेतले. पुण्याच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नसेल.

एमआरआयबद्दल फार लिहीत नाही. तो हाडाच्या आतलं पाणीही दाखवतो, जे सोनोग्राफीला दिसत नाही, आणि तिथे पाणी असेल तर पुढे खाच पडण्याची शक्यता वाढते. पण मोठ्या यंत्रात हाताचा एमआरआय काढताना पुष्कळदा पालथं झोपून हात डोक्यावर लांब करून ठेवावा लागतो, आणि ज्याचा खांदा सुजलेला आहे त्याने अर्धा तास तसं पडून दाखवावं. वर काही हजारांचं बिल आणि शिरेतून औषध. दर तीन-चार महिन्यांनी करायची ती गोष्ट नव्हे. उष्णतेचे फोटो काढणारे कॅमेरे आहेत, हात पेटीत ठेवून आरपार प्रकाश सोडणारं यंत्र नेदरलँड्समध्ये निघालं आहे. आपल्याकडे अजून त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक रुग्णाची प्रत्येक वेळी सोनोग्राफी करा. तसं मी मुळीच म्हणत नाही, आणि जाहिरात करणाऱ्या केंद्रांनी माझ्या पत्राचा तसा उपयोग करू नये. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी २००६ साली, आजार शांत झाला असं समजल्या गेलेल्या १०७ रुग्णांचे सांधे पाहिले, तर ४३ टक्क्यांच्या सांध्यांत डॉप्लरचा रंग होता. ते वाचून सगळ्यांना वाटलं, आता यंत्र सांगेल तसं औषध वाढवलं की झालं. पण नॉर्वेत दोनशेहून जास्त रुग्णांवर दोन वर्षं तसा प्रयोग झाला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि दर भेटीला सोनोग्राफी करून औषध ठरवलेल्या गटाला, नीट हाताने तपासलेल्या गटापेक्षा विशेष फायदा दिसला नाही. डेन्मार्कमध्ये २०० रुग्णांवर एमआरआयचा प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. तिथेही तेच, उलट एमआरआयच्या गटात गंभीर दुष्परिणाम जास्त नोंदले गेले. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका औषधाने विझवायचा नसतो. मात्र या दोन्ही देशांत तुलना झाली ती काय होती, हेही बघा. ज्यांची नियमित आणि काटेकोर तपासणी तज्ज्ञाच्या हातून होत होती अशांशी. आमच्या तालुक्यात तो तज्ज्ञच नाही. जिथे हात, रक्त आणि रुग्ण तिघंही वेगवेगळं सांगतात, किंवा औषध कमी करायची वेळ येते, तिथे चौथा साक्षीदार हवा, इतकीच माझी मागणी आहे.

आता कायद्याविषयी, कारण सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की तो आलाच. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला तो महाराष्ट्राने; केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. तेव्हा नोंदणी, तपासणी, सीलबंद यंत्रं, दारावरची पाटी यांतलं काहीही सैल करा असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांशी वाद घालत आलो आहे. पण या कायद्यापुढे मनगट पाहायचं यंत्र आणि पोट पाहायचं यंत्र एकच. संधिवाततज्ज्ञाला आपल्या खोलीत ठेवायचं तर नोंदणी, पात्रता, ठरलेली जागा हे सगळं आलं, आणि हातात मावणारं यंत्र घेऊन गावोगाव शिबिरं करण्याचा विचारही नको. ब्रिटनमध्ये माझ्यासारखे रेडिओग्राफर पुढचं शिक्षण घेऊन स्वतः सोनोग्राफी करतात हे वाचून क्षणभर हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. फक्त लिनिअर प्रोबवरच चालेल, पोटाचा प्रोब त्याला जोडताच येणार नाही, अशा यंत्रांसाठी वेगळी वर्गवारी करता येईल का, याचा विचार तंत्रज्ञ आणि कायदेतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावा. ते होईल तेव्हा होईल.

तोवर कायद्याला हात न लावता करण्यासारखं पुष्कळ आहे. जिल्हा रुग्णालयात नोंदणी झालेलं यंत्र आहे, रेडिओलॉजिस्टची जागा आहे, आणि थायरॉइड व रक्तवाहिन्या पाहायला लिनिअर प्रोबही बहुतेक ठिकाणी असतो. साताऱ्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. म्हणजे उणीव शिकवण्याची आहे. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना आणि नोकरीतल्या डॉक्टरांना सांध्यांच्या सोनोग्राफीचं प्रशिक्षण मिळावं, आणि रिपोर्टचा एक छापील नमुना ठरवावा: सांध्याचं नाव, जाडीची श्रेणी, डॉप्लरची श्रेणी, यंत्र आणि त्याची सेटिंग, रुग्णाने त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली होती का. सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाने केलेली तपासणी आधीच्याशी ताडून बघता आली पाहिजे, नाहीतर तो नुसता कागद. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. हातापायांची बोटं वाकडी झाल्यावर शस्त्रक्रियेला पैसे देण्यापेक्षा आधीच्या या तपासणीला थोडे दिले तर सरकारचेच वाचतील.

रुग्ण किती असणार, असं कुणी विचारेल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती; भारतातलं या विषयावरचं ते मोलाचं काम आहे, आणि आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. तिथे प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइडचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. म्हणजे दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास माणसं. आमच्या बाजारपेठेत एका सकाळी फेरी मारली तरी वाकलेल्या बोटांची दोन-तीन माणसं दिसतात, आणि त्यांतली निम्मी तरी नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर असतील, असा माझा अंदाज.

आठवड्यातला अर्धा दिवस सोनोग्राफी विभागाने सांध्यांसाठी राखून ठेवला तरी सुरुवात होईल. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस सोडून कुठलाही चालेल. रुग्णांना सकाळी अगदी लवकर बोलावू नये, त्यांची मूठच तेव्हा उघडत नसते. आणि त्या दिवशी खोलीतला एसी जरा कमी ठेवावा. गारठलेल्या हातात डॉप्लरचा रंग कमी दिसतो.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
कोरेगाव, जि. सातारा